कोणाचा स्लॅब घ्यावा?

स्लॅब म्हणजे नाणं तपासून, त्याला ग्रेड, म्हणजे प्रतीचा आकडा, देऊन सील केलेलं कडक प्लास्टिकचं आवरण. पीसीजीएस आणि एनजीसी या असे स्लॅब देणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या. यातली पीसीजीएस चांगली की एनजीसी, असं मला कोणी विचारलं की मी उलट विचारते, नाणं कोणतं आहे? तांब्याचं की चांदीचं, प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेलं) की नेहमीचं, कडेवर अक्षरं असलेलं की नुसती दातेरी कड असलेलं? आणि ते विकायचंय की जपायचंय? हे कळल्याशिवाय कंपन्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. मी स्वतः मॉर्गन डॉलर, म्हणजे जुने अमेरिकन चांदीचे डॉलर, जमवते आणि इतर संग्राहकांच्या नाण्यांचे फोटो काढते. त्यामुळे स्लॅब हातात आला की मी लेबलवरच्या आकड्याआधी प्लास्टिक बघते. यातून नाण्यावर उजेड नीट पडतो का, कड दिसते का, नाणं आत सरळ बसलंय का. ही तुलना त्या नजरेतून केलेली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. स्लॅब घेताना आपण खऱ्या अर्थाने विकत घेतो ती अस्सलपणाची हमी. ग्रेडचा आकडा हे जाणकारांनी दिलेलं मत आहे, आदराने ऐकावं असं, पण मतच. अनेक संग्राहक नेमकं उलट धरून चालतात. ते आकड्यासाठी पैसे मोजतात आणि अस्सलपणा गृहीत धरतात.

हा सगळा कारखाना उभा राहिला कसा, हे ठाऊक असलं की त्याच्या मर्यादाही लक्षात येतात. डॉ. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. कल्पना किमतीची होती. ओळख पटण्यापुरतं शिल्लक असलेलं नाणं एक डॉलरचं असेल, तर त्याच जातीचं निर्दोष नाणं सत्तर डॉलरचं. किमतीचं ते गणित लवकरच मोडलं, आकडे मात्र टिकले आणि चांदी-सोन्यासकट सगळ्या नाण्यांना चिकटले. याच शेल्डनने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी स्वतःकडचे कमी प्रतीचे ठेवले, हे त्याच्या मृत्यूनंतर पुढे आलं. नाण्याची प्रत ठरवायची भाषा जगाला देणाऱ्या माणसाने असं करावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये एएनएसीएस ही सेवा सुरू केली ती फक्त खरं-खोटं तपासण्यासाठी. ग्रेड द्यायला त्यांनी १९७९ मध्ये सुरुवात केली. तेव्हा नाण्याबरोबर फोटो असलेलं कागदी प्रमाणपत्र मिळायचं आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी ग्रेड असायची, समोरची ६३, मागची ६५ अशी. मला ती पद्धत फार प्रामाणिक वाटते. मॉर्गन डॉलरमध्ये स्वातंत्र्यदेवीच्या गालावर खुणांचा गोंधळ आणि मागचा गरुड मात्र स्वच्छ, असं सर्रास असतं. आजच्या एका आकड्यात ही माहिती हरवून जाते. पण कागद नाण्यापासून सुटा होता. नाणं बदलता येत होतं, निदान तशी शंका घेता येत होती. शिवाय विकताना ६५ म्हणणारा व्यापारी परत घेताना त्याच नाण्याला ६३ म्हणे, आणि संग्राहकाकडे त्यावर इलाज नव्हता.

यावरचा तोडगा पीसीजीएसने १९८६ मध्ये कामाला सुरुवात करून व्यवहारात आणला. डेव्हिड हॉल आणि आणखी काही व्यापाऱ्यांनी मिळून काढलेली ही कंपनी नाणं तपासायची, ग्रेड द्यायची, नाणं आणि लेबल एकाच कडक प्लास्टिकमध्ये सील करायची आणि त्या ग्रेडला पैशांची हमी द्यायची. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, जॉन अल्बानीज यांनी एनजीसी सुरू केली. स्लॅबचा कणा म्हणजे ही हमी. ग्रेड चुकली किंवा नाणं बनावट निघालं तर कंपनी भरपाई देते, पण नाणं त्यांच्या होल्डरमध्ये, म्हणजे त्या प्लास्टिकच्या आवरणात, शाबूत असेपर्यंतच. होल्डर फोडला की हमी संपली.

आत काय चालतं तेही सांगते. नाणं पोचलं की मालकाचं नाव वेगळं ठेवलं जातं आणि ग्रेडरपुढे फक्त नाणं जातं. दोन किंवा अधिक ग्रेडर आपापलं मत स्वतंत्रपणे नोंदवतात, मग त्यांच्यावरचा ज्येष्ठ ग्रेडर अंतिम आकडा ठरवतो. साध्या नाण्याला हे लोक काही सेकंद देतात. त्याची मला तक्रार नाही. हजारो मॉर्गन हाताळलेल्या माणसाला तिरप्या दिव्याखाली नाणं एकदा फिरवलं की पुरतं. पण ६४ आणि ६५ यांच्या सीमेवरचं नाणं पुन्हा पाठवलं तर दुसरा आकडा येऊ शकतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. तोच खेळ कित्येक व्यापारी खेळतात. होल्डर फोडायचा, नाणं पुन्हा पाठवायचं, आकडा चढेपर्यंत पाठवत राहायचं.

त्यामुळे कंपन्या प्रसिद्ध करतात ते पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती नाणी त्यांच्याकडे आली याच्या याद्या, जपून वाचावेत. मॉर्गनच्या बाबतीत त्यांची गरज खरीच आहे, कारण टाकसाळीतून किती नाणी निघाली यावरून आज किती उरली हे कळत नाही. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि कोणत्या वर्षाचे किती गेले याची नोंद ठेवली गेली नाही. पण ६४ वरून ६५ होण्यासाठी पाच वेळा गेलेलं एकच नाणं रिपोर्टमध्ये पाच नाणी म्हणून उभं असतं, जुनी लेबलं कोणी परत कळवली नाहीत तर. वरच्या ग्रेडच्या एक पायरी खालचे आकडे सगळ्यात फुगलेले असतात, कारण वर चढवायचा मोह तिथेच असतो.

आता होल्डर. इथे मला घाई करायची नाही.

पीसीजीएसच्या आजच्या होल्डरमध्ये नाण्याभोवती पारदर्शक कडं असतं. फोटो काढणाऱ्याला हे वरदान आहे. आजूबाजूला काही रंग नसल्यामुळे कॅमेरा चांदीचा रंग जसा आहे तसा पकडतो. टोनिंग असलेलं नाणं, म्हणजे ज्यावर वर्षानुवर्षांत निळी, सोनेरी, किरमिजी झाक चढली आहे असं, मला नेहमी या होल्डरमध्ये जास्त खरं दिसतं. उणीव अशी की कडं नाण्याला सगळीकडून धरतं, त्यामुळे कड जवळजवळ दिसत नाही. दातेरी कडेच्या मॉर्गनला याने फरक पडत नाही. पण सुरुवातीच्या काळातल्या, कडेवर अक्षरं असलेल्या अमेरिकन अर्ध्या डॉलरला पडतो. तिथे कडेवरचा मार तपासायचाच असतो.

एनजीसीचा गाभा पांढरा. नाणं त्या पांढऱ्या चौकटीत बसतं आणि आता बहुतेक ठिकाणी बारीक टेकूंवर तरंगल्यासारखं धरलेलं असतं, त्यामुळे मधल्या फटींतून कड दिसते. कड पाहण्यासाठी यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही. मात्र ते टेकू नाण्याच्या काठावर थोडे आत येतात आणि काठालगतची दातेरी नक्षी तेवढ्या ठिकाणी झाकली जाते. पांढरा रंग उजेड परत फेकतो, म्हणून कॅमेरा आपोआप एक्स्पोजर कमी करतो आणि चांदी करडी येते. मी अशा वेळी एक्स्पोजर हाताने लावते आणि गाभ्यावर गोल छेद दिलेला काळा कागद ठेवते. गडद तपकिरी तांब्याचं नाणं मात्र पांढऱ्या गाभ्यावर इतकं उठून दिसतं की नुसत्या डोळ्यांनी बघायला मला तेच आवडतं.

दोन्ही होल्डरांत एक अडचण सारखीच आहे, झळाळी. मॉर्गन डॉलर एका दिव्याखाली तिरपा धरून फिरवला की पृष्ठभागावर उजेडाचे आरे गोल फिरतात. साच्यातून धातू बाहेरच्या दिशेने वाहताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांची ही करामत. नाणं चलनात फिरलं की उंच भागांवर हे आरे तुटतात. देवीच्या कानावरचे केस, गाल, गरुडाची छाती इथे पहिल्यांदा. यावरूनच एयू ५८ (जेमतेम वापरलेलं) आणि एमएस ६० (न वापरलेलं) वेगळे ओळखायचे. न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीतल्या काही वर्षांच्या नाण्यांत कानावरचे केस मुळातच सपाट, कारण ठसा कमजोर बसला होता. तिथे उजेडाचा आरा सपाट भागावरूनही अखंड फिरतो, म्हणून ती झीज नव्हे. हे समजून घ्यायचं तर स्लॅब हातात घेऊन हलवावाच लागतो. प्लास्टिकचं प्रतिबिंब मधे येतं, तेव्हा दिवा नाण्याच्या बाजूला आणि थोडा वर ठेवा, आणि स्लॅबचं एक टोक किंचित उचला. प्लास्टिकवरची चमक एका बाजूला निघून जाते आणि नाण्याची झळाळी तेवढी उरते.

होल्डरवर बारीक ओरखडे असतील तर घाबरू नका. प्लास्टिकचं पॉलिश मऊ कापडाने गोल फिरवत लावलं की बरेचसे जातात. कित्येक नाणी नुसत्या ओरबाडलेल्या प्लास्टिकमुळे मलूल दिसतात आणि खरेदीदार त्यांना नाकारतो. मला ती मुद्दाम बघायला आवडतात.

जुन्या होल्डरांचा तर स्वतंत्र छंद आहे. पीसीजीएसचा १९८६ ते १९८९ मधला पहिला होल्डर लहान होता आणि हलवला की आतलं नाणं खुळखुळायचं, म्हणून संग्राहक त्याला रॅटलर म्हणतात. त्यानंतर, साधारण १९९८ पर्यंत, हिरवट लेबलाचा काळ. त्याला सगळे ‘ओल्ड ग्रीन होल्डर’ म्हणतात. एनजीसीचा १९८७ मधला अगदी पहिला होल्डर काळ्या गाभ्याचा होता. तो आता स्वतःच दुर्मीळ वस्तू आहे. त्यानंतरचे त्यांचे जुने पांढरे होल्डर चांगलेच जाड असत. एएनएसीएसचा लहान पांढरा होल्डरही याच पंक्तीतला. त्या काळी ग्रेडर जास्त कडक होते असा अनुभव अनेकांना येतो, आणि म्हणून रॅटलरमधलं ६४ पाहिलं की व्यापाऱ्याच्या मनात ६५ ची गणितं सुरू होतात. मला वाटतं, जे रॅटलर आजवर फुटले नाहीत ते फोडू नयेत. आत काही वेळा ग्रेडपेक्षा चांगलं नाणं असतं हे खरं, पण त्या नाण्याने जवळपास चाळीस वर्षं एकाच आवरणात काढली, कोणी त्याला रसायनात बुडवलं नाही, ही माहिती आकड्यापेक्षा मोलाची आहे. चांदी उजळण्यासाठी थायोयुरियाच्या द्रावात बुडवलेलं नाणं पहिल्या वेळी चकाकतं, पण प्रत्येक बुडीबरोबर त्या सूक्ष्म रेषा थोड्या थोड्या विरघळतात. शेवटी पांढरंशुभ्र पण मेलेलं नाणं उरतं. जुना होल्डर हा त्याविरुद्धचा पुरावा आहे.

लेबलांची भाषाही दोन्हीकडे एकसारखी नाही, आणि यात नवखे संग्राहक अडकतात. प्रूफसाठी पीसीजीएस पीआर लिहितं, एनजीसी पीएफ. आरशासारख्या पार्श्वभूमीच्या मॉर्गनला पीसीजीएस डीएमपीएल म्हणतं, एनजीसी डीपीएल. ही नुसती अक्षरं झाली. फ्रँकलिन अर्ध्या डॉलरच्या घंटेवरच्या रेषांचं तसं नाही. पूर्ण रेषांचा मान द्यायला पीसीजीएस खालच्या रेषा बघतं, तर एनजीसीला वरच्या आणि खालच्या दोन्ही पूर्ण लागतात. जेफरसन निकेलच्या, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याच्या, मागच्या इमारतीच्या पायऱ्यांत एनजीसी पाच आणि सहा पायऱ्या वेगवेगळ्या नोंदवतं. म्हणजे तेच नाणं एका घरात मानकरी ठरेल आणि दुसऱ्या घरात नाही. शिवाय एनजीसी डोळ्यांना विशेष सुखावणाऱ्या नाण्याला आकड्यापुढे तारा देतं. मला ही कल्पना मनापासून पटते. सुंदर टोनिंगचं ६४ हे निस्तेज ६५ पेक्षा कितीतरी चांगलं नाणं असतं, आणि ते सांगायची सोय लेबलावर हवीच. २०१० पासून दोन्ही कंपन्या अधिक चिन्हही देतात, त्या ग्रेडच्या वरच्या टोकाच्या नाण्याला.

रजिस्ट्री, म्हणजे ग्रेड केलेल्या संचांची ऑनलाइन स्पर्धा, हा तुमचा उद्देश असेल तर निवड तिथेच संपते. पीसीजीएसच्या रजिस्ट्रीत फक्त पीसीजीएसची नाणी चालतात. मला या स्पर्धेत रस नाही. एका आकड्यासाठी नाण्याऐवजी प्लास्टिकशी नातं जुळतं असं मला तिथे दिसतं.

बाकीच्यांबद्दल. एएनएसीएसला लोक उगाच दुय्यम लेखतात. असोसिएशनने १९९० मध्ये ती सेवा विकली आणि बाजारात तिच्या ग्रेडला पहिल्या दोघांइतका भाव मिळत नाही, हे खरं. पण व्हॅम, म्हणजे मॉर्गन आणि पीस डॉलरच्या साच्यागणिक बदलणाऱ्या बारीक जाती, ओळखण्यात त्यांचा हात चांगला बसलेला आहे. दोष असलेली नाणी पहिल्या दोन कंपन्या प्लास्टिकच्या पिशवीतून बिनग्रेडची परत पाठवत असत, त्या काळात एएनएसीएस ती स्लॅबमध्ये घालून दोष लेबलावर स्पष्ट लिहीत होती. पुढे सगळ्यांना तोच रस्ता धरावा लागला. आयसीजी १९९८ पासून आहे. अस्सलपणा तपासून घ्यायला आणि साध्या नाण्यांना संरक्षण द्यायला ठीक, पण महागडं नाणं त्यांच्या होल्डरमध्ये विकायला गेलात तर खरेदीदार स्वतःची ग्रेड लावूनच बोली करेल. यापलीकडच्या, अनोळखी नावांच्या स्लॅबांवर जो आकडा असेल तो झाकून नाणं बघावं, इतकंच.

दोषी नाण्यांच्या ‘डिटेल्स’ स्लॅबबद्दल थोडं. पीसीजीएसच्या लेबलावर यासाठी क्रमांक असतात. ९२ म्हणजे साफ केलेलं, ९५ ओरखडा, ९१ संशयास्पद रंग, ९८ इजा. अशा लेबलाकडे लोक तुच्छतेने बघतात. मी नाही बघत. १८९३ चा सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचा मॉर्गन घ्या. नाणी फक्त एक लाख, आणि त्याच वर्षीच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर सॅन फ्रान्सिस्कोचं एस अक्षर चिकटवून केलेली बनावट नाणी पुष्कळ. खऱ्या नाण्यावर ‘लिबर्टी’ शब्दातल्या टी अक्षराच्या वरच्या भागात साच्याची एक बारीक उठलेली तिरपी रेष असते. ती मला भिंगातून दिसते, पण दहाव्या खरेदीदाराला पटवून देणं माझं काम नव्हे. तिथे ‘अस्सल, साफ केलेलं’ एवढं लिहिलेला स्लॅबसुद्धा पुरेपूर काम करतो. १९०९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा व्हीडीबी (ही रचनाकाराची आद्याक्षरं) सेंट आणि १९१६ चा डेन्व्हरचा डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, यांचंही तेच. पहिला ४,८४,००० आणि दुसरा २,६४,००० इतकाच पाडला गेला, दोघांवर टाकसाळीचं अक्षर चिकटवलेलं असू शकतं. ही तिन्ही नाणी स्लॅबशिवाय घेऊच नयेत असं मी म्हणेन, मग ग्रेड काहीही असो.

स्टिकरचा विषय टाळता येत नाही. एनजीसी सुरू करणाऱ्या अल्बानीज यांनीच २००७ मध्ये सीएसी काढली. पीसीजीएस आणि एनजीसीने आधीच ग्रेड केलेली नाणी ती तपासते. नाणं त्या ग्रेडला भक्कम असेल तर होल्डरवर हिरवा स्टिकर, त्याहूनही वरचं वाटलं तर सोनेरी, नाहीतर काहीच नाही. म्हणजे मतावर आणखी एक मत. मला सुरुवातीला हे जास्तीचं वाटायचं, पण फोटो काढताना हिरव्या स्टिकरची नाणी खरोखर जिवंत असतात हे वारंवार दिसलं. पुटी लावून ओरखडे झाकलेली, रंग चढवलेली नाणी त्यात मला आढळत नाहीत. २०२३ पासून याच लोकांनी स्वतःच ग्रेड आणि स्लॅब द्यायला सुरुवात केली आहे. त्यांची कडक नजर त्या होल्डरांतही उतरलेली दिसते, म्हणून न सुधारलेल्या, मूळ पृष्ठभागाच्या चांदीच्या नाण्यासाठी तो पर्याय मी आवर्जून सुचवते.

बनावट स्लॅब हा आज खरा धोका आहे. नाणं खोटं, लेबल खोटं, प्लास्टिक खोटं, आणि लेबलावरचा क्रमांक मात्र खऱ्या नाण्याचा. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर बरोबर वर्ष आणि बरोबर ग्रेड येते आणि माणूस निर्धास्त होतो. क्रमांक जुळला एवढ्यावर थांबू नका, फोटो जुळवा. एनजीसीच्या बऱ्याच नाण्यांचे फोटो त्या क्रमांकाखाली मिळतात, पीसीजीएसचेही अनेकांचे. गालावरची एखादी ठळक खूण, टोनिंगचा डाग, काठाजवळची टिचकी, असं काहीतरी एक धरायचं आणि तेच नाणं आहे का ते बघायचं. दोन मॉर्गन डॉलरांच्या खुणा तंतोतंत सारख्या कधीच नसतात, कारण ते हजार-हजारांच्या गोण्यांत एकमेकांवर आपटत राहिले. पीसीजीएसच्या नव्या होल्डरांत चिप असते, फोन टेकवला की तपासणी होते. फोटो नसेल, होल्डर जुना असेल, तर लेबलाची छपाई आणि प्लास्टिकच्या सांध्याची सफाई त्याच पिढीच्या खात्रीच्या स्लॅबशेजारी ठेवून पाहावी. सुटा मॉर्गन तराजूवर २६.७३ ग्रॅम भरतो का, व्यास ३८.१ मिलिमीटर आहे का, हे बघता येतं. स्लॅबमध्ये गेलं की ती सोय राहत नाही, म्हणून डोळ्यांवरच भिस्त.

आणि स्लॅब म्हणजे हवाबंद डबा नव्हे. प्लास्टिक रासायनिकदृष्ट्या निरुपद्रवी असतं, मऊ पीव्हीसीच्या पाकिटांसारखा हिरवा चिकट थर त्याने येत नाही, पण ओलावा आणि गंधकाची वाफ हळूहळू आत शिरते. तांब्याच्या नाण्यांचा लाल रंग स्लॅबमध्येही तपकिरी होऊ शकतो, आणि म्हणूनच आता ग्रेड होणाऱ्या तांब्याच्या रंगबदलाची हमी पीसीजीएस देत नाही. वीस स्लॅब मावणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या, आत सिलिका जेल, आणि लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या कपाटापासून दूर. जेल ओलं झालं की बदलायचं. लाल सेंट ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे आळस न करता करावं.

माझ्या टेबलावर सध्या पाठवायची तीन नाणी आहेत, त्यांचा निर्णय सांगते. १८७९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा मॉर्गन, पण मागची बाजू १८७८ च्या साच्याची. गरुडाची छाती सपाट आणि बाणाचं वरचं पीस समांतर, त्यावरून ओळखू येतो. मला त्याचा व्हॅम क्रमांक लेबलावर हवा आहे, तो एएनएसीएसकडे जाईल. किरमिजी-निळ्या टोनिंगचा १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर पीसीजीएसकडे, कारण मला तो पांढऱ्या गाभ्यात बघायचा नाही. आणि कार्सन सिटीचा १८८४ चा डॉलर, अमेरिकन सरकारने १९७० च्या दशकात ज्या कडक प्लास्टिकच्या आवरणात विकला त्याच आवरणात अजून आहे. त्या वर्षी पाडलेल्या अकरा लाखांहून थोड्या जास्त नाण्यांपैकी नऊ लाखांहून जास्त सरकारी तिजोरीत तशीच पडून होती, म्हणजे नाणं दुर्मीळ मुळीच नाही. पण ते आवरण मला फोडायचं नाही, आणि एनजीसी ते न फोडता बाहेरून पट्टी लावून ग्रेड देतं. म्हणून तो तिकडे.